कळपाची मोजणी आणि कालवडीचा हिशेब

दरवर्षी १ जानेवारीला देशात एकूण किती गुरे होती, याचा अंदाज अमेरिकेचे कृषी खाते त्या महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध करते. १९७५ साली हा आकडा १३ कोटी २० लाख होता. त्या देशातला तो आजवरचा उच्चांक. २०२५ साली तो ८ कोटी ६७ लाखांवर उतरला. इतकी कमी गुरे १९५१ नंतर तोवर कधीच नव्हती. अशा आकड्याची बातमी होते, त्यावरून भाव वरखाली होतात, कुणी पशुपालनाचा अस्त झाला असे म्हणते तर कुणी पर्यावरणाचा विजय झाला असे म्हणते. मला वाटते, हे सगळे निष्कर्ष एका चुकीच्या जागेवरून निघतात. एकूण संख्या हे कळपाचे सर्वांत ठळक आणि सर्वांत कमी बोलणारे अंग आहे. कळप वाढणार की घटणार, पुढच्या तीन वर्षांत बाजारात मांस किती येणार, दुष्काळातून तो सावरणार की नाही, हे त्याच्या आतल्या रचनेवर ठरते: माद्या किती, नर किती, कोण कोणत्या वयाचे आणि मालकाने कोणते जनावर ठेवायचे, कोणते विकायचे ठरवले आहे. कळपाचे गणिती प्रारूप म्हणजे या रचनेचा वर्षावर्षाचा जमाखर्च. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या अमेरिकेतल्या नोंदी जुन्या आणि सलग असल्यामुळे हा जमाखर्च तिथे सर्वांत स्पष्ट वाचता येतो. पण गुरे मोजणाऱ्या प्रत्येक देशाला, म्हणजे आपल्यालाही, त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

हिशेब समजण्यासाठी शंभर गायींचा एक कळप धरू. मांसाच्या जातींच्या गायी वर्षातून एकदाच, बहुतेक वसंतात वितात. गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा. शंभरातल्या काही गाभण राहत नाहीत, काही वासरे दगावतात, आणि सहा-सात महिन्यांची होऊन आईपासून तोडण्याच्या वेळी साधारण ८६ वासरे उरतात. त्यांतली निम्मी, ४३, कालवडी आणि ४३ गोऱ्हे. त्याच वर्षात दोन गायी मरतात आणि अकरा म्हाताऱ्या किंवा भाकड म्हणून विकल्या जातात. कळप शंभरावर टिकवायचा तर या तेरा जागा भरायला हव्यात. त्यासाठी १७ कालवडी मागे ठेवाव्या लागतात, कारण त्यांतल्या चारएक गाभण राहत नाहीत किंवा निवडीत मागे पडतात आणि त्याही पुढे विकल्या जातात. म्हणजे दरवर्षी ४३ गोऱ्हे, २६ कालवडी, ११ गायी आणि निवडीत गळलेल्या चार अशी ८४ जनावरे या कळपातून बाहेर पडतात. ही स्थिर अवस्था. हे आकडे सोयीसाठी मी पूर्णांकात घेतले आहेत, पण अमेरिकेतल्या प्रत्यक्ष कळपांपासून ते दूर नाहीत.

आता मांसाचा भाव वाढला असे समजा. मालकाला कळप वाढवावासा वाटणार. तो १७ ऐवजी २७ कालवडी ठेवतो आणि आणखी एखादे वेत देईल अशा आशेने म्हाताऱ्या गायी अकराऐवजी सहाच विकतो. त्या वर्षी त्याच्याकडून बाजाराला ८४ ऐवजी ६९ जनावरे जातात. भाव वाढला आणि पुरवठा घटला! अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात याच्या नेमके उलटे शिकवलेले असते, आणि म्हणूनच मांसाच्या बाजाराविषयीचे सर्वसाधारण बोलणे इतके फसते. उलट बाजूही पाहा. पाऊस गेला, चारा महागला, मालकाने सातच कालवडी ठेवल्या आणि बावीस गायी काढल्या, तर त्याच शंभर गायींमधून १०५ जनावरे बाहेर पडतील. कळप खचत असतो त्याच काळात बाजारात मुबलकता दिसते. याचे कारण कालवड ही एकाच वेळी उत्पन्नही असते आणि भांडवलही. शेतकऱ्याच्या कणगीतले धान्य जसे दळता येते किंवा बियाणे म्हणून राखता येते, पण दोन्ही करता येत नाही, तशी कालवड एक तर मांसाला जाते किंवा गोठ्यात राहते. लोवेल जार्विस या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली अर्जेंटिनाच्या गुरांचा अभ्यास करून हे नीट मांडले. भाव चढला की अर्जेंटिनातले पशुपालक सुरुवातीला कमी जनावरे कापायला पाठवत, असे त्याला आकडेवारीत दिसले. पशुपालकाकडे भांडवलाची गुंतवणूक करणारा माणूस म्हणून पाहिले की हे वागणे अगदी सुसंगत ठरते.

हा निर्णय मोठा होतो तो वेळेमुळे. वसंतात जन्मलेली कालवड शरद ऋतूत आईपासून तुटते, आणि ठेवायची की विकायची हे तेव्हाच ठरते. ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात, पंधराएक महिन्यांची झाल्यावर ती फळवतात. त्यानंतरच्या वसंतात, दोन वर्षांची असताना, तिचे पहिले वेत होते. ते वासरू आईच्या दुधावर, मग कुरणात, मग फीडलॉटमध्ये, म्हणजे बंदिस्त वाड्यात, धान्यावर वाढून दीड ते पावणेदोन वर्षांचे झाले की मांसाला जाते. निर्णयापासून मांसापर्यंत तीन वर्षे. तीच कालवड विकली असती तर वर्षभरातच तिचे मांस बाजारात आले असते. म्हणजे कळप वाढवण्याची किंमत आधी मोजावी लागते आणि फळ तीन वर्षांनी मिळते. शिवाय चढण आणि उतरण सारखी नाही. गाय वर्षाला एकच वासरू देते, त्यामुळे वाढीला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. घटीला मात्र कोणतीही मर्यादा नाही, एका आठवडी बाजारात निम्मा कळप विकता येतो. २०११ साली टेक्सासमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या एका वर्षात राज्यातल्या मांसाच्या गायी साडेसहा लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी घटल्या. (उन्हाळा सोसणारी म्हणून टेक्सासला प्रिय असलेली ब्राह्मन जात गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या ‘कृष्णा व्हॅली’ जनावरांच्या रक्तातून घडली आहे. तो दुष्काळ मात्र कुणालाच सोसवला नाही.) याच्या शेजारी चढणीचा आकडा ठेवा. २०१४ मध्ये अमेरिकेत गुरांचे भाव तोवरच्या उच्चांकावर होते, कळप वाढवण्याला याहून मोठे प्रोत्साहन नव्हते, तरी देशातल्या मांसाच्या गायी सुमारे २ कोटी ९० लाखांवरून ३ कोटी १७ लाखांवर जायला २०१९ उजाडले. पाच वर्षांत नऊ टक्के. एका राज्याने एका वर्षात याहून मोठा वाटा गमावला होता.

वय आणि जन्ममृत्यू यांचा असा हिशेब नेमक्या गणितात बसवण्याचे श्रेय पॅट्रिक लेस्ली यांना दिले जाते. ऑक्सफर्डमधल्या प्राणिसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ते काम करत होते, आणि तिथे मुख्य विषय उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या संख्येतले चढउतार हा होता. १९४५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की प्रत्येक वयोगटातले किती प्राणी पुढच्या वयात पोचतात आणि प्रत्येक वयोगट किती पिल्ले देतो, एवढे दोन प्रकारचे आकडे एका चौकटीत मांडले की तिच्या गुणाकाराने पुढच्या वर्षीची संपूर्ण रचना मिळते, आणि तोच गुणाकार पुन्हा पुन्हा केला की पुढची कितीही वर्षे. त्यांच्या चार वर्षे आधी, १९४१ मध्ये, रंगूनमध्ये शिकवणाऱ्या हॅरो बर्नार्डेली यांनी बर्मा रिसर्च सोसायटीच्या नियतकालिकात हीच कल्पना मांडली होती, हे फारसे कुणाला आठवत नाही. ब्रह्मदेशाच्या जनगणनेतल्या वयोगटांत त्यांना लाटा दिसत होत्या, आणि त्या कशा उठतात हे समजावण्यासाठी त्यांनी तीनच वर्षे जगणारा आणि तिसऱ्या वर्षीच प्रजनन करणारा एक काल्पनिक भुंगा कल्पिला होता. एखाद्या वर्षी कमी जन्म झाले की तो खड्डा नाहीसा होत नाही. तो वयाबरोबर पुढे सरकतो आणि प्रजननाच्या वयाला पोचला की नवा खड्डा पाडतो. गुरांमध्ये हे फार महत्त्वाचे. शंभर-शंभर गायींचे दोन कळप घ्या. एकात दोन ते दहा वर्षांच्या गायी सारख्या पसरल्या आहेत. दुसऱ्याच्या मालकाने अडचणीच्या काळात सलग तीन वर्षे कालवडी विकल्यामुळे त्यातल्या साठ गायी आठ वर्षांच्या पुढच्या आहेत. या वर्षी दोन्ही कळप जवळपास तितकीच वासरे देतील आणि गणनेत दोन्ही शंभरच भरतील. चार वर्षांनी पहिला जागेवर असेल, दुसऱ्यातल्या निम्म्याहून अधिक गायी गेलेल्या असतील, आणि त्यांची जागा घ्यायला पुरेशा कालवडी जन्मलेल्या नसतील, कारण त्यांच्या आया झाल्या असत्या त्या कालवडीच विकल्या गेल्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. अमेरिकेत गुरांची संख्या आठ ते बारा वर्षांच्या फेऱ्यांत वरखाली होते, हे शंभराहून अधिक वर्षे दिसते आहे. फेरा इतका ठाऊक आहे तर शहाणे पशुपालक तो मोडत का नाहीत? भाव तळाला असताना कालवडी ठेवाव्यात, चढेपर्यंत वासरे तयार व्हावीत, इतके साधे आहे. अर्थशास्त्रज्ञ मॉर्डेकाय इझिकियल यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉबवेब’ सिद्धान्तात याचे एक उत्तर होते: शेतकरी आजचा भाव उद्याही राहील असे धरून चालतो, सगळे एकदम वाढवतात, सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव कोसळतो, मग सगळे एकदम हात आखडतात. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि पशुपालकावर अन्याय करणारेही. पिढ्यानपिढ्या गुरे सांभाळणारा माणूस इतका अल्पदृष्टीचा नसतो. शेर्विन रोझेन, केविन मर्फी आणि होजे शाइंकमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले की सगळे पशुपालक दूरचा विचार करणारे आणि भविष्याचा अंदाज बरोबर बांधणारे आहेत असे धरले, तरीही कळपाच्या संख्येत फेरे उमटतात. मागणीत किंवा चाऱ्याच्या खर्चात एखादा धक्का बसला की त्याला दिलेला शहाणा प्रतिसादसुद्धा गाभणकाळ आणि वाढीचा काळ यांतून जाताना वर्षानुवर्षे पसरतो. म्हणजे फेरा कुणाच्या मूर्खपणाचा पुरावा नाही. तो गायीच्या शरीराच्या वेळापत्रकातच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत मांसाच्या गायी ४ कोटी ५७ लाख होत्या आणि बीफचे उत्पादन २४ अब्ज पौंडांच्या आसपास. २०२२ मध्ये गायी ३ कोटींवर आलेल्या असताना उत्पादन २८ अब्ज पौंडांच्या वर गेले, आणि तो विक्रम होता. जनावरे मोठी झाली, पैदास सुधारली, फीडलॉटमधला काळ लांबला. एका जनावरामागे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मांस मिळते. मग कळपाची रचना जाणून करायचे काय, असे कुणी विचारील. वजन वाढले हे खरेच आहे आणि कोणत्याही प्रारूपात ते धरावेच लागते. पण २०२२ चा विक्रम जवळून पाहिला तर तो माझ्या म्हणण्याचीच साक्ष देतो. त्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिम आणि मैदानी भागांत दुष्काळ होता. कुरणे वाळली, गवताचा आणि खताचा भाव चढला, आणि वर्षारंभी असलेल्या मांसाच्या गायींपैकी सुमारे १३ टक्के गायी कत्तलीला गेल्या. हे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त. कालवडीही मोठ्या संख्येने फीडलॉटमध्ये गेल्या. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या १०५ च्या आकड्यामागे जे होते, तेच सौम्य प्रमाणात देशभर घडले. त्या मांसाचा एक भाग पुढच्या वर्षांतून उसना आणलेला होता. पुढे परतफेड सुरू झाली: दुकानातल्या खिम्याचा सरासरी भाव २०२५ च्या मध्यावर पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. ज्यांनी २०२२ मध्ये फक्त उत्पादनाचा आकडा पाहिला त्यांना भरभराट दिसली असेल. ज्यांनी कापलेल्या जनावरांत माद्यांचे प्रमाण किती हे पाहिले, त्यांना ही महागाई तेव्हाच दिसत होती. चारा, पाणी आणि मिथेन यांच्या हिशेबालाही हेच लागू आहे. मांसासाठी लागणाऱ्या एकूण चाऱ्यातला मोठा वाटा कापल्या जाणाऱ्या जनावरांना लागत नाही, तो वर्षभर वासरू पोसणाऱ्या मायगायींना लागतो. कत्तलीच्या आकड्यावरून काढलेले अंदाज त्या गायींना विसरतात.

पाऊस कुणाला सांगता येतो, रोग कुणाला सांगता येतो, मग अशा प्रारूपांवर भरवसा कसा ठेवायचा, हाही प्रश्न आहे. जर त्यांच्याकडून भविष्यवाणी हवी असेल तर भरवसा ठेवूच नये. दुष्काळ कधी पडेल हे प्रारूप सांगत नाही. पडल्यावर काय होईल, आणि सावरायला किती काळ लागेल, हे ते सांगते. पूर्व आफ्रिकेतल्या भटक्या पशुपालकांच्या कळपांवर गुड्रुन दाल आणि आंदेर्स ह्योर्ट या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लिहिलेला ग्रंथ या दृष्टीने मला मोलाचा वाटतो. तिथे गुरे प्रामुख्याने दुधासाठी, लग्नसंबंधांसाठी आणि अडीअडचणीसाठी असतात. सामान्य काळात असा कळप वर्षाला तीन-चार टक्क्यांनीच वाढतो. या गतीने निम्मा झालेला कळप पूर्ववत व्हायला वीस वर्षे लागतात, आणि वीस वर्षांत एखादा दुष्काळ येतोच. हे एकदा कळले की पशुपालक गरजेपेक्षा जास्त गुरे का राखतो, म्हातारी गायसुद्धा लवकर का विकत नाही, हे कोडे राहत नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना जो अडाणी हव्यास वाटत होता तो वीस वर्षांच्या हिशेबाने घेतलेला विमा होता. दुष्काळानंतरच्या मदतीत पैशाबरोबर तरण्या माद्या का हव्यात, हेही त्याच हिशेबातून कळते.

आता आपल्याकडे येऊ. भारतातला कळप मांसासाठी पाळलेला नाही, निर्यात होणारे मांस म्हशींचे असते, आणि गायबैलांचा हिशेब दूध, शेतीकाम आणि श्रद्धा यांच्यातून बनतो. म्हणून अमेरिकेचे फेरे इथे शोधू नयेत. पण रचना पाहिल्याशिवाय संख्या बोलत नाही, ही गोष्ट इथे तिथल्यापेक्षाही ठळक दिसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले गोवंश १९ कोटी २५ लाख भरले. २०१२ च्या तुलनेत वाढ एक टक्क्याहून कमी, जणू काहीच घडले नाही. आत पाहिले तर गायी १८ टक्क्यांनी वाढून १४ कोटी ५१ लाख झाल्या होत्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले होते. सात वर्षांत झालेली ही प्रचंड उलथापालथ एकूण बेरजेत पूर्ण झाकली गेली. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली, गोऱ्हा पोसणे परवडेनासे झाले, आणि आता नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच जन्माला घालणारे ‘सेक्स्ड सीमेन’ सरकारी योजनांतून गावोगाव पोचत आहे. निम्मे नर, निम्म्या माद्या हा प्रत्येक प्रारूपातला सर्वांत पक्का धरलेला आकडाच त्यामुळे हलतो आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मरण्याची एक वाट बंद झाली म्हणजे संख्या वाढायला हवी, असे सरळ गणित सांगेल. २०१२ मध्ये राज्यात गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ मध्ये १ कोटी ४० लाख, म्हणजे दहा टक्के घट. या घटीचे सगळे खापर कायद्यावर फोडता येणार नाही, कारण याच काळात मराठवाड्याने सलग दुष्काळ सोसला आणि बैल देशभरच कमी झाले; आणि कायद्याचा काहीच परिणाम झाला नाही असेही या आकड्यावरून म्हणता येणार नाही. कळपातून बाहेर जाण्याचे एक दार बंद झाले की मालक आत घेण्याच्या दाराशी सावध होतो: गाय पुन्हा भरवायची का, म्हैस घ्यायची का, गोऱ्हा वाढवायचा का. यातले कोणते कारण किती, हे वयोगटांचा आणि नरमाद्यांचा तालुकावार जमाखर्च मांडूनच वेगळे करता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेचे आकडे वाचताना राज्याची बेरीज सोडून आधी एक वर्षाखालच्या वासरांचे आणि न व्यालेल्या कालवडींचे रकाने पाहावेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

अमेरिकेच्या जानेवारी २०२५ च्या गणनेतही तोच रकाना निर्णायक होता. मांसाच्या गायी २ कोटी ७९ लाख, आणि त्यांच्या जागी येण्यासाठी राखलेल्या कालवडी सुमारे ४७ लाख. शंभर गायींमागे जेमतेम सतरा. आपल्या कल्पित कळपाला आहे तिथे टिकून राहायला इतक्याच लागत होत्या. भाव विक्रमी होते, तरी कळप वाढवण्याची सुरुवात त्या दिवसापर्यंत झालेली नव्हती, कारण कालवड विकून आज मिळणारी रक्कम इतकी मोठी, व्याजदर इतके चढे आणि पुढच्या पावसाची खात्री इतकी कमी होती की मागे ठेवणे जिवावर येत होते. २०२५ च्या शरद ऋतूत एखाद्याने मन घट्ट करून दहा कालवडी जास्त ठेवल्या असे धरू. त्या २०२६ च्या उन्हाळ्यात फळतील, २०२७ च्या वसंतात वितील, आणि त्यांच्या वासरांचे मांस २०२८ च्या अखेरीस दुकानात येईल. तोवरच्या काळात त्या दहा कालवडी बाजाराला मिळालेल्या नसतील.